प्रयोगशाळा आपल्या दारात, संशोधनाचा पैसा कोणाच्या पदरात?

अंबरनाथ पूर्वेला उतरून शिळ-बदलापूर रस्त्याने निघाले की आनंदनगरच्या कारखान्यांच्या गर्दीत एक लांबलचक कुंपण लागते. फाटकावर बंदूकधारी पहारा आणि आत जाणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र. फाटकासमोरून आपली माणसे रोज पाळीला जातात, भाजीच्या पाट्या घेऊन बाया जातात, पोरे सायकलवर शाळेत जातात. आत काय चालते, असे कोणाला विचारले तर उत्तर येते, ‘मिलिटरीचे काहीतरी आहे.’ एवढ्यावर विषय संपतो.

वाचकहो, ते ‘काहीतरी’ म्हणजे नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एनएमआरएल म्हणतात. १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत रसायने आणि धातू तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. साठच्या दशकात ती संरक्षण संशोधन व विकास संघटनेकडे, म्हणजे डीआरडीओकडे गेली आणि पुढे अंबरनाथला आली. जहाजाच्या तळाला गंज का चढतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात रंग किती वर्षे टिकतो, रबर कुजते कसे, कोणत्या धातूला कोणता धातू खातो, असले प्रश्न तिथे सोडवले जातात. युद्धनौका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात, पण नौदलाचा खरा रोजचा शत्रू गंज आहे. वालधुनीच्या काठी पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

या प्रयोगशाळेचे सर्वांत मोठे काम पाणबुडीचे आहे. साधी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की तिला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ यावे लागते, नळी वर काढून हवा घ्यावी लागते, डिझेल इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते. नेमकी त्याच वेळी ती शत्रूला सापडते. बाहेरची हवा न घेता आतल्या आत वीज करता आली तर पाणबुडी पुष्कळ जास्त काळ दडून राहू शकेल. त्यासाठी अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारा इंधन-घट बनवला. लागणारा हायड्रोजनही पाणबुडीतच तयार होतो, आणि मागे उरलेले पाणी समुद्रात सोडून देता येते. ८ मार्च २०२१ रोजी त्याची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याच्या कामासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला.

फ्रान्स, जर्मनी, स्वीडन अशा मोजक्या देशांना जमलेली ही विद्या आपल्या अंबरनाथमध्ये सिद्ध झाली, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अभिमान झाल्यावर एक साधा प्रश्न येतो. उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात किंवा तलरेजा कॉलेजात रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलीला, बदलापूरहून लोकलला लोंबकळत कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलाला, या कुंपणाच्या आत जाण्याची वाट कोणी दाखवली आहे काय? नोकरीची वाट तर सोडाच, अशी प्रयोगशाळा असते, ती विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देते, विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती देते, हे तरी कोणी सांगितले आहे काय?

पैसा कुठे आहे, ते आधी पाहू

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटाला कारकून. मला शास्त्रातले फार कळत नाही, पण जमाखर्च कळतो. म्हणून आधी आकडे मांडतो.

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले. त्यातले डीआरडीओच्या वाट्याला २६,८१६ कोटी आले. सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२०-२१ साली देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. शंभर रुपये मिळवणाऱ्या घराने मुलाच्या वहीवर चौसष्ट पैसे खर्चावेत, तसा हा हिशेब. केंद्राच्या प्रमुख बारा विज्ञान-खात्यांनी जे खर्च केले, त्यात एकट्या डीआरडीओचा वाटा ३०.७ टक्के होता. आणि देशातल्या सगळ्या विद्यापीठांचा, महाविद्यालयांचा मिळून वाटा? एकूण संशोधन खर्चाच्या ९ टक्क्यांच्याही आत.

म्हणजे आपली मुले जिथे शिकतात तिथे संशोधनाचा पैसा पोहोचत नाही. पैसा आहे तो कुंपणाच्या आत. मग कुंपणातून विद्यापीठाकडे येणारी एखादी पाइपलाइन आहे का? आहे. डीआरडीओ विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना प्रकल्पासाठी अनुदान देते. विमान, नौदल, शस्त्रास्त्रे, जीवशास्त्र अशा विषयांची वेगवेगळी संशोधन मंडळे आहेत. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी जाहीर केले, की संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुले करू. याशिवाय डीआरडीओने शिक्षणसंस्थांत स्वतःची पंधराएक केंद्रे उभी केली आहेत.

ही केंद्रे कुठे आहेत, हे पाहिले की डोळे उघडतात. बहुतेक आयआयटींत आहेत. दिल्ली, पवई, मद्रास, कानपूर, खरगपूर. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत आहे. ते ठीक. पण कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठातही एक केंद्र आहे. भारतीयार हे तामिळनाडू सरकारचे विद्यापीठ. म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठासारखेच राज्य विद्यापीठ! तिथे होऊ शकते. आमच्या विद्यापीठाचे उपकेंद्र कल्याणला आहे, नौदलाची प्रयोगशाळा तिथून दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर आहे, मग या दोघांच्या मध्ये आपल्या मुलांसाठी एखादा पूल बांधा, असे कोणी मागितले पाहिजे की नको?

मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. सरकार तर आई नव्हे.

अमेरिकेतली विद्यापीठे कशी मागतात

अमेरिकेत विद्यापीठांच्या संघटना आहेत. १९०० साली स्थापन झालेली असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज ही त्यातली मोठी. या संघटना राजधानीत कचेरी थाटून बसतात. दरवर्षी संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात मूलभूत संशोधनासाठी किती रक्कम हवी, याची लेखी मागणी खासदारांकडे पाठवतात. सुनावणीला जातात. कपात झाली तर ओरड करतात आणि वेळ आली तर कोर्टातही जातात.

अलीकडचेच उदाहरण घ्या. २०२५ साली तिथल्या संरक्षण खात्याने ठरवले, की विद्यापीठांना प्रकल्पाबरोबर जो अप्रत्यक्ष खर्च देतो तो यापुढे १५ टक्क्यांवर देणार नाही. आता हा अप्रत्यक्ष खर्च म्हणजे काय, हे सांगायला कारकुनाइतका लायक माणूस दुसरा नाही. समजा एका प्राध्यापिकेला गंजाच्या प्रयोगासाठी दहा लाख मिळाले. त्यातून रसायने आली, यंत्र आले, मदतनीस विद्यार्थ्याचे वेतन झाले. पण प्रयोगशाळेचे वीजबिल कोणी भरायचे? रात्रीच्या रखवालदाराचा पगार? ग्रंथालयात येणारी नियतकालिके? बिले पास करणारा, वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र भरून पाठवणारा कारकून? प्रकल्पात याचे नाव कुठेच नसते, पण याच्यावाचून प्रकल्प एक दिवस चालत नाही. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांत हा दर वाटाघाटीने ५० टक्क्यांच्या वर ठरलेला असतो. तो एकदम १५ वर आणला, तर प्रयोगशाळा बंद कराव्या लागतील, असे विद्यापीठांनी सांगितले. जून २०२५ मध्ये त्यांच्या संघटना आणि काही विद्यापीठे मिळून मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या निर्णयाला थांबवले.

आपल्या गावातल्या कॉलेजांना हे दुखणे जास्त लागू पडते. आयआयटीला प्रकल्पाचा हिशेब ठेवणारे स्वतंत्र खाते असते. आपल्या अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्राचे सर सकाळी तीन तास घेतात, दुपारी परीक्षेचे काम करतात, निवडणूक आली की मतदार यादीला जातात. प्रकल्पाचा अर्ज लिहायचा कधी? अर्ज मंजूर झाला तर जीएफआर १२-अ नमुन्यातले प्रमाणपत्र, सनदी लेखापालाची सही, बँकेतले स्वतंत्र खाते, खरेदीची तीन दरपत्रके, हे करायचे कोणी? ते वेळेत गेले नाही की दुसरा हप्ता अडकतो. हुशारी कमी पडत नाही हो, टेबलावरचा माणूस कमी पडतो. कॉलेजच्या कार्यालयात जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मग म्हणायचे, की छोट्या कॉलेजांतून चांगले प्रस्ताव येत नाहीत, हा कुठला न्याय?

आपल्या देशात असे मागणे चालतच नाही, असेही नाही. संशोधक विद्यार्थ्यांनीच ते करून दाखवले आहे. २०१८ च्या अखेरीस आणि २०१९ च्या सुरुवातीला देशभरचे पीएच.डी. करणारे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेव्हा कनिष्ठ संशोधकाला महिना २५ हजार मिळत होते. ते ३१ हजार झाले. २०२३ मध्ये ते ३७ हजार झाले, आणि ते १ जानेवारी २०२३ पासून लागू केले गेले. घरभाडे भत्ता वेगळा. गिरणीतला किंवा शहाडच्या कंपनीतला कायम कामगार जसा कराराचे आकडे तोंडपाठ सांगतो, तसे हे आकडे आपल्या घरात तोंडपाठ असायला हवेत. संशोधन हे पोट जाळून करायचे व्रत आहे, अशी आपल्याकडे समजूत असते. तसे नाही. त्याला पगार असतो.

‘सुरक्षा’ नावाचे कुलूप

आता दुसरी बाजू. संरक्षणाचा पैसा आला की त्याच्याबरोबर कुलूपही येते. काय प्रसिद्ध करायचे, कोणाशी बोलायचे, परदेशी विद्यार्थी घ्यायचा की नाही, यावर बंधने येतात. यातली काही बंधने आवश्यक आहेत. पाणबुडी किती वेळ दडून राहते हे चव्हाट्यावर सांगायचे नसते, हे शेंबडे पोरही जाणते. पण कुलूप कुठे लावायचे आणि चावी कोणाकडे ठेवायची, हा विद्यापीठांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

१५ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एक आदेश काढला. सरकारी विद्यापीठांना ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी परवानगी घ्यावी. विषय देशाच्या सुरक्षेशी, सीमेशी किंवा अंतर्गत बाबींशी संबंधित नसावा. वक्त्यांच्या नावांनाही मंजुरी हवी. ‘अंतर्गत बाब’ म्हणजे काय? जात ही अंतर्गत बाब आहे की नाही? नदीचे प्रदूषण? कुपोषण? व्याख्या कुठेच नव्हती. देशातल्या विज्ञान अकादमींनी लेखी विरोध केला. अशाने सगळे वैज्ञानिक बोलणेच थांबेल, असे त्यांनी मंत्र्यांना कळवले. महिना-सव्वा महिन्यात, फेब्रुवारी संपायच्या आत, आदेश मागे गेला. पत्राने आदेश मागे जातो, एवढे यातून लक्षात ठेवावे.

सुरक्षेच्या नावाने माणूस कसा भरडला जातो, याची दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक असावीत. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने तो आरोप खोटा ठरवला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाखांची भरपाई द्यायला सांगितली. मधली चोवीस वर्षे कोण परत देणार? अमेरिकेतही २०१८ मध्ये चिनी हेर शोधण्याची मोठी मोहीम निघाली. एमआयटीसारख्या विद्यापीठातले प्राध्यापक गँग चेन यांच्यावर जानेवारी २०२१ मध्ये खटला भरला आणि वर्षभराने तो सरकारनेच मागे घेतला. ज्याचे आडनाव वेगळे, ज्याचा चेहरा वेगळा, त्याच्यावर संशय आधी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोहीम गुंडाळावी लागली.

आणि संशय आपल्यावरही येतो बरे. पोखरणच्या १९९८ च्या अणुस्फोटानंतर अमेरिकेने भारतातल्या कितीतरी संस्थांना काळ्या यादीत टाकले. डीआरडीओच्या प्रयोगशाळा त्या यादीतून २०११ साली बाहेर आल्या, भाभा अणुसंशोधन केंद्र तर थेट जानेवारी २०२५ मध्ये. तोवर साधे उपकरण आणायचे तरी शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ येत. संशयाने बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्या वर्षांत अनुभवले. आमच्या समाजाला ते नव्याने सांगायला नको.

खालच्या पातळीवर हे कुलूप कसे बसते, ते मी स्वतः पाहिले आहे. आमच्या वस्तीतला एक मुलगा. वडील हातगाडी ओढत. मुलाने एम.एस्सी. केले, एका सरकारी संशोधन संस्थेत तात्पुरत्या कामासाठी त्याची निवड झाली. चारित्र्य पडताळणीचा कागद आला. आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब पत्ता वाचून म्हणाले, ‘झोपडपट्टीतला दिसतोस. भाडेपावती आण, घरमालकाचा जबाब आण.’ झोपडीला कुठला आला भाडेकरार! विहाराच्या पंच कमिटीचा दाखला चालेना, रेशनकार्डावरचे नाव आजोबांचे. पाच आठवडे फेऱ्या मारल्या. कागद पोहोचला तोवर तारीख उलटली होती. त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता, साधी तक्रारही नव्हती. पत्ता तेवढा चुकीचा होता.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने डीआरडीओच्या पुण्यातील एका प्रयोगशाळेच्या संचालकालाच अटक केली. पाकिस्तानी हस्तकाला गोपनीय माहिती दिल्याचा आरोप ठेवला. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. माझे म्हणणे एवढेच आहे, की संशयाची चाळणी झोपडपट्टीच्या पत्त्यावर बारीक आणि बंगल्याच्या पत्त्यावर जाड असेल, तर ती देशाचे रक्षण करीत नाही.

कायद्यातली एक ओळ

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि इथे समाजबांधवांनी नीट लक्ष द्यावे.

२३ जून १९७५ रोजी केंद्र सरकारच्या कार्मिक खात्याने एक आदेश काढला. संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाला दिशा देण्यासाठी लागणाऱ्या वैज्ञानिक आणि तांत्रिक पदांना, ‘अ’ वर्गातल्या अगदी खालच्या श्रेणीच्या वर, आरक्षणातून सूट देता येईल. म्हणजे पहिल्या पायरीवर राखीव जागा आहे. वरच्या पायऱ्यांवर नाही. पुढे २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाचा कायदा आला, २०१९ साली प्राध्यापक भरतीचा. दोन्ही कायद्यांच्या पोटात ‘राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या’ संशोधन संस्थांना आरक्षणातून वगळणारे कलम आहे. सोबत यादी जोडली आहे. त्या यादीत आपल्या मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, भाभा केंद्राशी जोडलेली होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे.

सामरिक महत्त्व आणि राखीव जागा यांचे वैर कोणी ठरवले? सीमेवर गोळी खाताना महार रेजिमेंटच्या जवानाला कोणी विचारले नाही, की तू सामरिक महत्त्वाच्या जागी कसा? अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात आणि मशीन टूल प्रोटोटाइप कारखान्यात आपल्या बापजाद्यांनी पन्नासच्या दशकापासून घाम गाळला. भट्टीपाशी उभे राहायला आरक्षणाची अडचण आली नाही. २०२१ च्या जूनअखेर संरक्षण कारखान्यांत संपावर बंदी घालणारा वटहुकूम आला तेव्हा त्या कामगारांना सांगण्यात आले, की तुमचे काम देशासाठी अत्यावश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तेच कारखाने महामंडळांच्या हवाली झाले, एक यंत्र इंडियाकडे, दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. हाताने काम करताना अत्यावश्यक आणि डोक्याने काम करायची वेळ आली की वगळलेले, असा हा व्यवहार आहे.

बाबासाहेबांनी हे ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षणाच्या भागात त्यांचा सगळा भर विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर आहे. कला आणि कायद्याची पदवी माणूस कशीबशी घेईल, पण विज्ञानाचे शिक्षण खर्चाचे, ते सरकारने पैसा दिल्याशिवाय आमच्या मुलांना मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणून देशातल्या विज्ञान-तंत्र शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये त्यांनी मागितले. आकडा घालून मागितले! नुसते ‘आमच्याकडे लक्ष द्या’ म्हटले नाही. १९४४ पासून सुरू झालेली केंद्राची शिष्यवृत्ती, जिच्यावर आपल्यातले कितीतरी जण शिकले, ती त्या मागणीचे फळ आहे. महायुद्ध पेटलेले असताना, सरकारचा सगळा पैसा तोफांकडे वळत असताना, त्यांनी तो शिक्षणासाठी मागितला.

इथे एक शंका काही उपासक-उपासिका काढतील. बुद्धाच्या अनुयायांनी शस्त्रांच्या संशोधनात का पडावे? शंका रास्त आहे, ती मी झटकणार नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या युद्धाला विरोध करणारा सिद्धार्थ आहे, आणि त्याच ग्रंथात मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत केलेला फरकही आहे. आपापल्या विवेकाने प्रत्येकाने ठरवावे. माझे मत असे, की जहाज गंजू नये म्हणून राबणारी मुलगी हिंसा करीत नाही. इंधन-घटावर उद्या इस्पितळाचे दिवेही लागू शकतील. आणि ज्यांना युद्धखोरीला विरोध करायचा आहे, त्यांनाही आत काय शिजते हे कळायला आपला कोणीतरी आत असावा लागतो.

मग करायचे काय?

घरात विज्ञान शाखेचे मूल असेल तर आजपासून दोन शब्द त्याच्या कानावर घाला, नेट आणि गेट. एम.एस्सी. प्रथम वर्ग आणि नेट, किंवा इंजिनिअरिंगची पदवी प्रथम वर्ग आणि नेट अथवा गेट, ही डीआरडीओच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची नेहमीची पात्रता आहे. वयाची मर्यादा २८, अनुसूचित जातींना ५ वर्षांची सवलत. जाहिराती डीआरडीओच्या संकेतस्थळावर येतात, कॉलेजच्या फलकावर येतीलच असे नाही. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीच्या जाहिराती पाहाव्यात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याचे कलम ३-अ आहे. मुलाखतीला जाताना ते कलम लक्षात ठेवा, भांडायला नव्हे, माहीत आहे एवढे दिसायला.

पडताळणीचे कागद निवड झाल्यावर गोळा करायला लागू नका. पत्त्याचा पुरावा, रेशनकार्डात नाव, जातवैधता, ही कामे बारावीलाच उरकून घ्यावीत. आमच्या त्या मुलाचे पाच आठवडे इथेच गेले.

आणि जे पदवीधर आहेत, मग बी.ए. असोत की माझ्यासारखे बी.कॉम., त्यांच्या हातात एक हत्यार पडून आहे. विद्यापीठाच्या अधिसभेला, सिनेटला, नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्यातल्या पाच जागा राखीव आहेत, त्यात एक अनुसूचित जातीची. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल, हिशेब, अंदाजपत्रक तिथे चर्चेला येते. कल्याण उपकेंद्र आणि अंबरनाथची प्रयोगशाळा यांच्यात करार करा, त्यात राज्य विद्यापीठातल्या मागास विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवा, कॉलेजांना हिशेबाचा माणूस द्या, असा ठराव तिथे मांडता येतो. मुंबई विद्यापीठाची मागची निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. आमच्या वस्तीत पदवीधर पुष्कळ, पण यादीत नाव नोंदवलेले किती, ते हाताच्या बोटांवर मोजता आले. पदवीचा कागद फ्रेम करून भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. मतदार यादीत मात्र नाव नाही.

पुढच्या नोंदणीची तारीख विद्यापीठ जाहीर करील तेव्हा धावपळ नको. सुभाष टेकडी, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या विहारांच्या कमिट्यांनी आपापल्या भागातल्या पदवीधरांची यादी आतापासून एका वहीत करावी. नाव, पदवीचे वर्ष, कॉलेज, पत्ता. फ्रेममधली पदवी काढून तिची एक झेरॉक्स सोबत ठेवावी. बायकांची नावे लग्नानंतर बदललेली असतात, त्यांनी नाव बदलाचा पुरावा जोडावा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.